तांबड्या गाडीचे दिवे

भागवत नवल्यांची तांबडी गाडी बेलापुरात सगळ्यांच्या ओळखीची होती. दोनच सीट, कापडी छत, आणि इतकी बुटकी की उसाच्या ट्रॉलीशेजारी उभी राहिली तर ट्रॉलीवाल्याला दिसायचीच नाही. नव्वदच्या दशकातली ती स्पोर्ट्स कार भागवतरावांनी बारा वर्षांपूर्वी नाशिकच्या एका डॉक्टरांकडून घेतली होती. तरुणपणी त्यांनी उसाचे ट्रक चालवले होते. तेव्हापासून अशी एखादी गाडी आपल्या दारात असावी हे त्यांच्या डोक्यात होतं.

घरात माणसं तीन आणि गाडीत जागा दोघांना. भागवतराव आणि त्यांची एकुलती एक लेक निकिता कॉलेजचं निमित्त करून श्रीरामपूरपर्यंत छत उघडून जायचे. सुरेखाबाई दारातून हात हलवायच्या आणि आत जाऊन भाकरीचं पीठ मळायला घ्यायच्या. दोघं हसत गेली की त्यांनाही बरं वाटायचं.

सहा वर्षांपूर्वी निकितानं घरात न सांगता ओंकारशी संगमनेरला रजिस्टर लग्न केलं. ओंकार भंडारदऱ्याचा, धरणाकाठी पर्यटकांसाठी तंबू लावणारा, दुसऱ्या जातीतला. दुसऱ्या दिवशी सगळी भावकी ओट्यावर जमली. भागवतराव सगळ्यांदेखत म्हणाले, "माझ्यासाठी पोरगी मेली. या घरातलं जे कुनी तिच्या दारात जाईल, ते माझं मेलेलं तोंड बघंल."

त्याच संध्याकाळी त्यांनी बायकोचा मोबाईल मागून घेतला, निकिताचा नंबर काढून टाकला आणि पुढच्या आठवड्यात सिमकार्डही बदललं. नवऱ्याचं मेलेलं तोंड ही गोष्ट सुरेखाबाईंनी शब्दशः घेतली होती. लेकीची आठवण आली की त्या शेळ्यांच्या गोठ्यात जाऊन बसत. नंतर नंतर शेळ्याही त्यांच्याकडे बघेनाशा झाल्या, इतकं ते रोजचं झालं.

लग्नाला वर्ष होत आलं तेव्हा भागवतरावांनी शनिवारी गाडी बाहेर काढायला सुरुवात केली. नाशिकला जुन्या गाड्या बाळगणाऱ्यांचं एक मंडळ आहे, दर शनिवारी सगळे जमतात, असं त्यांनी सांगितलं. सकाळी चहा घेऊन निघायचे, रविवारी दुपारी जेवायला परत. शनिवारीच परत का येत नाही, असं सुरेखाबाईंनी एकदा विचारलं तेव्हा त्यांनी गाडी गोठ्यात घेतली, दार लावून अंधार केला आणि दिवे लावून दाखवले. समोरच्या भिंतीवर दोन पिवळट डाग पडले.

"बघ. हे दिवे न्हाईत, समया हायत. हिच्यावर रातचं सिन्नरचा रस्ता धरला तर तू मला खड्ड्यात हुडकायला येशील."

सुरेखाबाईंना पटलं. उलट दर शनिवारी त्याच बजावू लागल्या, "उशीर झाला तर निघू नका. मुक्काम करा."

गेल्या मार्गशीर्षात एका शनिवारी, दिवस मावळायच्या सुमारास, सुरेखाबाईंच्या पोटात असह्य कळ उठली. शेजारच्या सवितानं रिक्षा बोलावली आणि त्यांना श्रीरामपूरच्या दवाखान्यात नेलं. पित्ताशयात खडे निघाले. सवितानं भागवतरावांना फोन लावून दिला. पलीकडून ते म्हणाले, "अगं, मी आत्ता निघालो असतो, पन हे दिवे... उजाडलं की लगेच निघतो. धीर धर." सुरेखाबाईंनी दात आवळून सांगितलं, "नका येऊ अंधारात. सविता हाय इथं." ऑपरेशनच्या कागदावर सवितानं सही केली, नातं या रकान्यात 'शेजारीण' असं लिहून. भागवतराव सकाळी नऊला आले. त्यांचे डोळे लाल होते. सुरेखाबाईंना वाटलं, बिचाऱ्यांना काळजीनं झोप लागली नसेल.

अंगात ताकद आल्यावर त्यांनी ठरवलं की या गाडीला चांगले दिवे बसवायचे, आणि नवऱ्याला न सांगता. चैत्रात भागवतरावांना साठावं वर्ष लागत होतं. पुतण्याच्या साखरपुड्यासाठी ते रेल्वेनं दोन दिवस पुण्याला गेले. सुरेखाबाई घरीच राहिल्या, कारण एक शेळी व्यायला झाली होती. त्यांनी श्रीरामपूरच्या गहिनीनाथला फोन केला. गहिनीनाथ गाड्यांचं वायरिंग करायचा. नवल्यांच्या ट्रॅक्टरचं काम वर्षानुवर्षं त्याच्याकडेच होतं.

तो सकाळीच आला. खुंटीवरची किल्ली सुरेखाबाईंनी त्याच्या हातात दिली आणि बारा वर्षांत पहिल्यांदाच त्या गाडीत बसल्या. बसताना गुडघे छातीशी आले. रस्ता इतका जवळून पळताना बघून त्यांना भीती वाटली आणि हसूही आलं.

"काय काय करायचं असतं रे यात?" त्यांनी विचारलं.

"सोपं हाय वहिनी. जुन्या गाडीत दिव्याचा सगळा करंट बारक्या वायरीतून, स्विचमधून फिरून येतो. तिथंच निम्मा जिरतो. आपन बॅटरीपासून जाड वायर सरळ दिव्यापर्यंत न्यायची, मधी रिले टाकायचा, म्हंजे स्विचवर लोड न्हाई. आन नवे दिवे. दुपारपत्तूर करून देतो. दादा खूश झाले पायजेत."

दुकानात पोचल्यावर त्यानं सुरेखाबाईंना स्टुलावर बसवलं, चहा सांगितला आणि बॉनेट उघडलं. थोडा वेळ तो नुसताच वाकून उभा राहिला. मग त्यानं डाव्या दिव्याची रिंग काढली, काच बाहेर ओढली, मागं हात घातला. उजव्या बाजूलाही तेच केलं. हातातला पेचकस खाली ठेवून तो फडक्यावर हात घासत राहिला.

"काय झालं?"

"वहिनी, हे काम झालेलं हाय."

"कसलं काम?"

"हेच. जाड वायर, दोन रिले, फ्यूज. दिवेबी बदललेले हायत. भायरून फक्त जुनी रिंग ठिवली. लई सफाईचं काम हाय."

"आत्ताच केलं आसंल त्यांनी. मला सांगायचं राहिलं आसंल," सुरेखाबाई म्हणाल्या.

गहिनीनाथनं गाडी दुकानाच्या आतल्या खोलीकडे तोंड करून उभी केली, शटर अर्धं ओढलं आणि स्विच दाबला. आतली भिंत, तिच्यावर टांगलेले पट्टे, टायर, कॅलेंडरवरची बारीक अक्षरंसुद्धा लख्ख दिसू लागली. सुरेखाबाईंनी डोळ्यांवर हात धरला.

"माझ्या गाडीला एवढा उजेड न्हाई," गहिनीनाथ हळूच बोलला. मग त्यानं बॉनेटखाली बोट दाखवलं. रिलेच्या डबीवर एक स्टिकर होतं. ज्योती ऑटो इलेक्ट्रिकल्स, राजूर, आणि खाली मोबाईल नंबर. शेजारी काळ्या मार्करनं तारीख घातलेली, तीन वर्षांपूर्वीची.

"राजूर?" सुरेखाबाई म्हणाल्या. "नाशिकला जाताना राजूर लागतं?"

"न्हाई वहिनी. राजूर तिकडं अकोल्याच्या वर. भंडारदऱ्याच्या रस्त्याला." बोलून झाल्यावर त्याला आपण काय बोललो ते कळलं. निकिता कुठं दिली— दिली नव्हे, गेली होती— हे सगळ्या तालुक्याला माहीत होतं.

सुरेखाबाईंनी आपला मोबाईल पुढं केला. "त्यो नंबर लावून दे."

"वहिनी, दादा आल्यावर त्यांनाच इचारा की."

"लावून दे, गहिनीनाथ."

त्यानं नंबर लावून दिला आणि उगाच बाहेरच्या ट्रॅक्टरपाशी जाऊन उभा राहिला. राजूरचा माणूस बोलका निघाला. तांबडी गाडी म्हणताच त्याला ओळख पटली.

"ओंकारच्या सासऱ्यांची ना? भागवत आजोबांची! काय, दिवे बंद पडले का? माझं काम असं बंद पडत नसतं हां."

"न्हाई. चांगले हायत," सुरेखाबाई म्हणाल्या. "सहज इचारलं. का बसवले व्हते?"

"अहो, त्यांच्या नातीला ताप भरला होता एका रात्री. झटके यायला लागले. ओंकार पर्यटकांना घेऊन बाहेर गेलेला. मग आजोबांनीच निकिताला आणि पोरीला गाडीत घातलं आणि त्या मिणमिणत्या दिव्यांवर इथं दवाखान्यात आणलं. दोनदा गाडी चारीत जाता जाता वाचली म्हणे. सकाळी माझ्या दारात हजर. म्हणाले, असे दिवे बसव की पुन्हा माझ्या माणसाला रात्री काही झालं तर मी कुठंबी पोचलो पाहिजे." तो हसला. "तुम्ही कोण बोलता?"

"मी त्यांच्या घरून."

"म्हणजे... निकिताच्या आई? तुम्ही तर म्हणे..." तो अडखळला. "बरं, ठेवतो काकू. गिऱ्हाईक आलंय."

सुरेखाबाईंच्या हातातला चहा कधीच गार झाला होता. गहिनीनाथ आत आला तेव्हा त्या म्हणाल्या, "जसं हुतं तसं बसव परत." आपल्याला नात आहे हे त्यांना आत्ता, एका परक्या माणसाकडून कळलं होतं. घरी सोडतो, असं तो म्हणाला तरी त्या पुन्हा गाडीत बसल्या नाहीत. रिक्षानं आल्या. गहिनीनाथनं गाडी मागून आणून दारात लावली आणि किल्ली दारातूनच देऊन तो निघून गेला.

तो दिवस आणि दुसरा दिवस त्या घरातली कामं करत राहिल्या. शेळी व्याली, तिला दोन पिल्लं झाली. हात चालत होते, पण डोक्यात एकच हिशोब घोळत होता. मार्गशीर्षातली ती संध्याकाळ. माझ्या माणसाला रात्री काही झालं तर मी कुठंबी पोचलो पाहिजे. दिवे तेव्हा गाडीत होते. भंडारदरा ते श्रीरामपूर तीन तासांची वाट. ते रात्री अकराला पोचू शकले असते, ते सकाळी नऊला पोचले. कारण रात्री पोचले असते तर दिव्यांचं काय सांगायचं?

भागवतराव दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुण्याहून आले. पिशवी खांद्यावरच होती. सुरेखाबाईंनी पाण्याचा तांब्या दिला आणि विचारलं, "दिशा... का काय नाव ठिवलं तिचं?"

नाव त्यांना ठाऊक नव्हतंच. काही तरी नाव असणार म्हणून, लहानपणी निकिता आपल्या बाहुलीला जे म्हणायची ते त्यांनी घेतलं. भागवतराव पिशवीसकट ओट्यावर बसले.

"तुला कुनी सांगितलं?" ते म्हणाले. आणि मग, "व्हय. दिशाच."

गोठ्यातून नव्या पिल्लांचा आवाज येत होता.

"कवापासनं?"

"पोरीच्या बाळंतपनाच्या टायमाला ओंकारनं फोन केला. म्हनाला, लई अवघड हाय, दोघांतलं एक तरी वाचंल का सांगता येत न्हाई. बाप हाय मी, सुरेखा. राहवलं न्हाई. गेलो."

"मग मला का न्हाई नेलं?"

"भावकीत शब्द दिला हुता. मी एकटा गेलो तर कुनाला कळनार न्हाई. तू गेली असतीस तर चार दिसांत गावभर झालं असतं. तुझ्या पोटात काय राहतं? चेहऱ्यावरच दिसतं सगळं."

"आन तुमच्या चेहऱ्यावर पाच वर्षं कायबी दिसलं न्हाई."

त्यांनी तांब्या उचलला, पुन्हा ठेवला.

"ती माझं नाव काढते का?" सुरेखाबाईंनी विचारलं.

"पयल्या वर्सी लई काढायची."

"मग?"

"मग मी..." भागवतराव जमिनीकडे बघत होते. "रोज रोज इचारायची, आई का येत न्हाई. काय सांगू? सांगितलं, तुझ्या आईचा राग गेला न्हाई. ती म्हनते, माझ्यासाठी पोरगी मेली."

सुरेखाबाईंना वाटलं आपण नीट ऐकलं नाही. "हे तर तुमी म्हनाला हुता. हितं, या ओट्यावर. सगळ्यांम्होरं."

"व्हय."

"तुमचं बोलनं माझ्या तोंडात घातलं."

"मला वाटलं, आज न्हाई उद्या सांगू. वर्ष गेलं, दोन गेली. मग सांगायचं कसं तेच कळंना. तुझ्या त्या दुखन्याच्या दिवशी मी फोन ठेवला आन गाडीच्या दारापाशी दोनदा गेलो. देवाशपथ गेलो. पन आलो असतो तर..."

"तर दिवे दिसले असते," सुरेखाबाई म्हणाल्या.

त्या आत गेल्या. दार लावलं नाही, नुसत्या आत गेल्या. भागवतराव ओट्यावर बसून राहिले. जेवण झाकून ठेवलेलं तसंच राहिलं.

सकाळी सुरेखाबाईंनी एका पिशवीत दोन लुगडी आणि शेंगदाण्याचे लाडू भरले. भागवतराव गाडीची किल्ली घेऊन पुढं आले. "चल, मी सोडतो. आता लपवायचं काय राहिलं?"

"शेळ्यांना पानी पाजा," एवढंच बोलून त्या रस्त्याला लागल्या.

श्रीरामपूरहून संगमनेर, संगमनेरहून अकोले, तिथून राजूरवरून भंडारदऱ्याच्या धरणाकाठचं शेंडी. तीन एसट्या बदलून पोचायला दुपार टळली. शेंडीच्या स्टँडवर एका दुकानदाराला ओंकारचं घर विचारलं. त्यानं नुसता हात वर केला, तिथून पत्र्याचं छप्पर दिसत होतं.

अंगणात एक पाच वर्षांची मुलगी दोरीवर ओले टॉवेल टाकत होती. तिची उंची दोरीपर्यंत पोचत नव्हती म्हणून ती उडी मारून टॉवेल फेकत होती. निकिता दारात आली आणि थांबली. ती जाड झाली होती. केस कमी झाले होते. सुरेखाबाईंना वाटलं होतं की ती धावत येईल, किंवा निदान रडेल.

"आता आलीस?" निकिता म्हणाली.

ओंकारची आई गोजरबाई आतून पाणी घेऊन आली, विहिणीला बसायला घोंगडी टाकली आणि काही न विचारता नातीला हात धरून मागच्या बाजूला घेऊन गेली. सुरेखाबाईंनी पाणी घेतलं. रस्ताभर त्यांनी ठरवत आणलं होतं की नवऱ्याची चुगली करायची नाही. पोरीला बाप तरी राहू दे. पण निकिता समोर बसली आणि म्हणाली, "दिशाच्या वेळी तीन दिवस मी तुझ्या नावानं हाका मारत होते. आप्पा म्हणाले, तू यायला नको म्हणालीस. मी तरीही तुझी वाट बघितली. मग सोडून दिलं." तेव्हा त्यांचा तो बेत टिकला नाही.

"मला ठावंच नव्हतं, निकी. तुला दिवस गेले हेबी ठावं नव्हतं. मला नात हाय हे परवा कळलं."

"खोटं बोलू नकोस. आप्पा दर रविवारी घरी जाऊन तुला सगळं सांगायचे. फोटो दाखवायचे. तू तोंड फिरवायचीस."

"कोनते फोटो?"

निकितानं आईच्या तोंडाकडे बघितलं. या तोंडावर काही लपत नाही हे तिलाही माहीत होतं. तिनं मोबाईल उचलला, बापाला फोन लावला आणि स्पीकर चालू करून घोंगडीवर ठेवला.

"आप्पा, आई आलीये. तुम्ही तिला दिशाचे फोटो दाखवले होते का? एक तरी?"

पलीकडून शेळीचं ओरडणं ऐकू आलं. मग भागवतरावांचा आवाज आला. "न्हाई, बाळा."

"तिनं मी मेले म्हणलं होतं का?"

"न्हाई."

निकितानं फोन बंद केला. सुरेखाबाई तिच्या पाठीवर हात ठेवायला पुढं सरकल्या, तशी ती झटक्यात मागं झाली.

"आणि तू?" ती ओरडली. "तुझ्या हातून फोन काढून घेतला आणि तू देऊन टाकलास? सहा वर्षं? कुणाच्याही मोबाईलवरून एक फोन नाही करता आला? सविताकाकूकडे माझा नंबर होता, आई. मी तिला मुद्दाम दिला होता. तू एकदा तरी विचारलंस का तिला?"

मेलेल्या तोंडाची शपथ आता सुरेखाबाईंना त्या पत्र्याच्या घरात बोलून दाखवण्यासारखी वाटेना. निकिता आत गेली आणि बराच वेळ आतून भांडी आपटल्याचा आवाज येत राहिला.

त्या तिथं आठ दिवस राहिल्या. पहिले तीन दिवस निकिता कामापुरतंच बोलली. चौथ्या दिवशी तिनं लाडवांचा डबा उघडला आणि उभ्याउभ्या दोन खाल्ले. शनिवारी तांबडी गाडी खालच्या वळणावर येऊन थांबली. भागवतराव उतरले, पण वर आले नाहीत. निकितानं दिशाला खाली धाडलं आणि स्वतः दारातच उभी राहिली. तासाभरानं गाडी गेली. दिशा वर येऊन म्हणाली, "आजोबा आज लवकर गेले. थांबा म्हणलं तर म्हणाले, उजेडात पोचायचंय."

आता सुरेखाबाई बेलापुरात असतात. घर तेच, गोठा तोच. नवऱ्याला दोन वेळचं जेवण वाढतात, त्यांच्याशी शेळ्यांबद्दल आणि पाण्याच्या पाळीबद्दल बोलतात, दुसरं काही बोलत नाहीत. गाडी दारात धूळ खात असते. भागवतराव आता महिन्यातून एखादे वेळीच जातात, आणि निकिता त्यांना वरपर्यंत या म्हणत नाही. भावकीला सगळं कळलं. कुणीही काही म्हणालं नाही. एक-दोघांनी तर सुरेखाबाईंना नातीचा फोटो मागितला. हे सगळं सहा वर्षांपूर्वीही इतकंच सोपं होतं का, हा विचार त्यांना एसटीत बसल्यावर येतो.

त्या दर बुधवारी एसटीनं जातात. निकिता हळूहळू बोलते, कधी हसते, कधी मध्येच गप्प होते. दिशाला त्यांचा लळा लागतोय, पण 'आजी' ही हाक तिनं जन्मापासून गोजरबाईंना दिलेली. दोन आज्या असू शकतात हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं. परवा अंगणातून ती घरात ओरडत पळाली, "आई, बेलापूरच्या बाई आल्या!" निकितानं आतून तिला दटावलं. सुरेखाबाई म्हणाल्या, "राहू दे. म्हनू दे," आणि चप्पल काढून आत गेल्या.